पुढच्या आसाचं पितळ

चैत्र उजाडला की आमच्या ओतूरच्या बाजाराला कांद्याचा वास चढतो. ओल्या मातीचा नाही, सुकत आलेल्या पातीचा. थोडा गोडसर, थोडा डोळ्यांत जाणारा. शेतं मोकळी होतात, कांदा साठवायच्या बराख्या भरतात, बायकांच्या बोटांना काळे डाग पडतात आणि रस्त्याकडेच्या फ्लेक्सवर बैलांचे फोटो झळकायला लागतात. यात्रांचा हंगाम. गावागावांत घाट साफ होतात. घाट म्हणजे डोंगरातला रस्ता नव्हे. आमच्या जुन्नर-आंबेगावात घाट म्हणजे बैलगाड्यांच्या शर्यतीची चढणीची धाव, दोन्ही अंगांना माणसं बसतील अशी. यात्रा आली की घाट आला, आणि घाट आला की माझा जुना राग तापायला लागतो. वय झालं की राग निवतो म्हणतात. माझा निवला नाही.

माझ्या दुकानातल्या काउंटरच्या काचेवर हातभर लांबीची एक रिमोटची जीप ठेवलेली आहे. चार जाड चाकं, चिखलाचा रंग, दारावर ओरखडे. गिऱ्हाईक वॉशर घेता घेता विचारतं, "आक्का, ही विकायची का?" मी मान हलवते. दुकानातल्या प्रत्येक वस्तूचा भाव मला झोपेतून उठवलं तरी सांगता येतो. या एका वस्तूचा मी कधी काढलाच नाही.

यंदाही फ्लेक्स लागले, आणि मी जीप खाली घेऊन फडक्यानं पुसली. पुसताना बोट पुढच्या चाकाच्या आत गेलं, तिथल्या पितळी कड्यावर थांबलं. तीन हंगामांपूर्वीचा तो सगळा चैत्र त्या कड्यात बसलेला आहे.

दुकान माझं सुट्या भागांचं. फवारणीच्या पंपाचे वॉशर, नोझल, पाण्याच्या मोटरीचे बुश, ठिबकच्या तोट्या. माझ्या नवऱ्याचा जीव शेतात. ते दुकानाची पायरी चढतात ती फक्त दिवाळीला. सुरुवात दुकानानं झालीच नव्हती. आठवडे बाजारात गोणपाट अंथरून मी वॉशर मांडायचे, ट्रकच्या जुन्या ट्यूबमधून स्वतःच्या हातानं कापलेले. कंपनीचा वॉशर एका हंगामात ताठ व्हायचा, माझा तीन हंगाम जायचा. तरी माणसं तो बोटांत धरून, उजेडात बघून विचारायची, "डुप्लिकेट हाय का?" पहिल्या वर्षी मी गप्प बसायचे. दुसऱ्या वर्षी उत्तर सापडलं. "कंपनीनं केला तो सगळ्या महाराष्ट्रासाठी केला. मी केला तो तुमच्या पंपासाठी केलाय. आता सांगा, ओरिजिनल कुठला?" हे ऐकून माणूस हसायचा, आणि हसलेला माणूस माझ्याशी फार वेळ भाव करू शकायचा नाही. घासाघीस ही विद्या मला त्या गोणपाटानं दिली. शाळेनं दिलं ते सातवीपर्यंतचं.

माहेर माझं निरगुडसरचं. माझ्या वडिलांचा, आबांचा, शर्यतीचा गाडा चार गावांत माहीत होता. त्यात पुढच्या जोडीला पळायचा तो भिंगऱ्या बैल मी वाढवलेला. गाय व्यायली आणि चार दिवसांत गेली. वासराला बाटलीनं दूध पाजलं ते मी, खुरांना तेल लावलं ते मी, ओढ्याच्या वाळूत पळायला शिकवलं तेही मीच. पण घाटात बायकांनी उतरायचं नाही. गाडा सुटला की भोंग्यावरून मालकाचं नाव पुकारतात. शेजारच्या गावच्या घाटात पहिल्यांदा भिंगऱ्या पळाला त्या दिवशी भोंग्यावरून माझ्या धाकट्या भावाचं, संपतचं, नाव आलं. त्याला तेव्हा मिसरूडही फुटलेलं नव्हतं. मी लांब बांधावर बायकांच्या घोळक्यात बसले होते. शेजारची म्हणाली, "तुझ्या भावाचा बैल लई पळतो गं." आयुष्यात मी जेवढ्या वेळा गप्प बसले, त्यातली ही एक वेळ मला अजून बोचते.

जीप माझ्याकडे आली ती मोडलेली. कॉलेजातले एक सर परसातल्या डाळिंबांसाठी पंप घ्यायला आले होते. पिशवीतून ही काढून म्हणाले, "शकूताई, हिच्या आतला एखादा दाता तुमच्याकडे मिळेल का? पुण्यात कुणी हात लावत नाही." मी चार स्क्रू काढले. आत बघितलं आणि बघतच राहिले. ट्रॅक्टरच्या मागच्या आसात असतं तसं डिफरन्शियल, पण लिंबाएवढं. दोन्ही चाकांना आपापल्या चालीनं फिरू देणारी तीच रचना, तेच दातेरी चाक, तोच छोटा दांडा, सगळं प्लॅस्टिकचं. तीन दाते जिभेवर खडीसाखर विरघळावी तसे झिजून गेले होते.

"सर, पंप घेऊन जा आणि ही इथंच ठेवा."

"अहो, ही फार महागाची आहे."

"चालत नाही ती महागाची कशी? चालत असती तर तुम्ही पिशवीत घालून आणली असती का?"

सर बराच वेळ पंपाकडे आणि जीपकडे आलटून पालटून बघत होते. शेवटी पंपावर एक जास्तीचं नोझल द्यायचं ठरलं आणि जीप माझी झाली. ते नोझल मी तसंही देणारच होते.

आता खरं सांगायचं तर पहिली चूक मी सगळे करतात तीच केली. गाडी चढत नाही म्हणजे जोर कमी, असं धरलं आणि पहिल्यांदा मोटर बदलली. मोठी, बिनब्रशची, डबीतून काढली तेव्हाच हाताला जड लागलेली. झिजलेल्या चाकाजागी दुसरं प्लॅस्टिकचं घातलं, मोटर बसवली, बॅटरी जोडली, रिमोटचा बंदुकीसारखा घोडा दाबला. दुकानामागच्या दगडांच्या ढिगावर जीप अशी उसळली की मी मागे सरकले. आणि दुसऱ्या क्षणी कट्‌ असा आवाज झाला. चाकाकडे जोर नेणारा प्लॅस्टिकचा दांडा पिळलेल्या फडक्यासारखा झाला होता. नवीन बैल आणला आणि जुन्या दोरीनं बांधला, असं ते होतं.

नेमका त्याच वेळी संपत आला. त्याच्या विहिरीवरच्या मोटरीचा बुश गेला होता. भावाला माझ्या दुकानातला माल चालतो, फक्त चारचौघांत त्याला डुप्लिकेट म्हणायचं असतं. त्यानं माझ्या हातातला पिळलेला दांडा बघितला.

"आक्का, नातवंडं व्हायच्या वयात खेळणी?"

"तुझा बुश वरच्या फळीवर आहे. घे आणि नीघ."

"न्हाई, म्हंजे मी चांगलं सांगतो. यंदा आमच्या शेजारच्या गावानं यात्रेत दुसऱ्या दिवशी रिमोटच्या गाड्या ठेवल्यात, घाटाच्या कडंला. पुण्या-चाकणची पोरं येणारेत कंपनीच्या गाड्या घिऊन. तू बी आण की हे. मान्सं हसतील तरी. समदा डुप्लिकेट माल, चार फूट बी चढायचा न्हाई."

मी त्याला बुश दिला. भाव एका पैशानंही कमी केला नाही. तो गेल्यावर दगडांच्या ढिगाकडे बघत उभी राहिले आणि मनाशी ठरवलं. त्या घाटावर, त्या भोंग्यावरून, माझं नाव ऐकायचं. बक्षीस कुणाला हवं होतं? नाव हवं होतं.

मग तो महिना सुरू झाला. बाहेर कांदा काढणीची धांदल, दुकानात पंपांची गर्दी, आणि दुपारी दोन ते चार, गिऱ्हाईक सावलीला जातं तेव्हा, मी आणि जीप. दुकानासमोरून कांद्याचे ट्रॅक्टर जायचे, त्यांच्या धुळीचा पातळ थर काउंटरवर बसायचा, आणि त्या धुळीतच मी तिचे भाग ओळीनं मांडायचे, गोणपाटावर वॉशर मांडायचे तसे. पोलादी दांडे आले. धातूची दातेरी चाकं आली. एकावर एक फिरवताना त्यांचा आवाज जात्यासारखा भरीव येत होता. तेलानं भरायचे शॉकॲबसॉर्बर आले. त्यांच्यासोबतच्या कागदावर परदेशी भाषेत काहीबाही लिहिलं होतं, ते मी बाजूला ठेवलं. नळीत तेल घालून दांडा सावकाश वरखाली करायचा, बुडबुडा वर येऊन फुटू द्यायचा. हे मला कागदानं काय शिकवायचं? फवारणीच्या पंपात हवा अडकली की मी गेली पंचवीस वर्षं हेच करते.

स्टिअरिंग वळवणारी एक छोटी मोटर असते, तिला सर्व्हो म्हणतात. ती मी दिल्लीच्या एका विक्रेत्याकडून मागवली. आली ती चुकीच्या दात्यांची. मी फोन लावला.

"मॅडम, खोला हुआ माल वापस नहीं होता."

"भैया, खोले बिना कैसे पता चलेगा की अंदर गलत है? आँख में एक्स-रे लगा के बैठी हूँ क्या?"

तो नियम सांगायला लागला आणि माझा आवाज चढला. बाहेर उभं असलेलं गिऱ्हाईक उन्हात आणखी दोन पावलं मागे सरकलं. शेवटी योग्य सर्व्हो आली आणि चुकीचीही माझ्याकडेच राहिली. चुकीची मी पुढे दुसऱ्या एका छंदिष्टाला विकली. राग ही वाईट गोष्ट आहे असं कीर्तनकार सांगतात. असेल, पण मी तो मोजून वापरते.

टायर बदलले. मऊ रबराचे, आत स्पंज, वर बोटं असल्यासारखे उंचवटे. आधीचे टायर दगडावर घसरायचे, हे दगड धरायचे. बैलाचं खूर चढणीला रुततं तसे. धातूत बसवलेला धातूचा स्क्रू धडधडीनं सुटतो, म्हणून प्रत्येकावर स्क्रू धरून ठेवणाऱ्या निळ्या औषधाचा एक थेंब टाकला. इंजिनाच्या पंपांना टाकते तोच. सगळं झालं. आता कंपनीचा म्हणावा असा सांगाडा तेवढा उरला होता. दगडांच्या ढिगावर तिला सोडली. पहिली पायरी, दुसरी, आणि जरा उभा चढ आला की पुढची चाकं वर, पाठीवर उताणी. पुन्हा सोडली. पुन्हा उताणी. दहा वेळा. अकराव्या वेळी मी रिमोट आपटला, आणि नंतर स्वतःच उचलून पुसला, कारण तोही माझ्याच मालकीचा होता.

दुपार कलत आली होती. समोरच्या रस्त्यावरून कांद्याच्या गोण्या भरलेली एक ट्रॉली गेली, मागच्या अंगाला जास्त भरलेली. तिचं पुढचं टोक ट्रॅक्टरला वर ओढत होतं. आणि मला आबा दिसले. शेणाच्या पाट्यांनी गाडी भरताना ते दर चार पाट्यांनंतर थांबायचे, जुवाखाली एक बोट घालून उचलून बघायचे. गाडीचा भार मागे गेला की ती उलाळ होते: जू वर उठतं, बैलाच्या गळ्याला दोर काचतो. भार फार पुढे आला तर बैलाची मान मोडते. आबांचं एक मोजमाप होतं. "बैलाच्या खांद्यावर आपण मायेनं हात ठेवतो की नाय, तेवढंच वजन जुवाचं असलं पायजे." माझी जीप उलाळ होती. मी महिनाभर तिला जोर देत होते आणि तिला हवा होता पुढच्या खांद्यावर एक हात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोतीशेठच्या हार्डवेअरच्या दुकानात गेले. मोतीशेठचे आजोबा राजस्थानातून आले. शेठ स्वतः ओतूरमध्ये जन्मले, आणि त्यांच्या तोंडून मारवाडी ऐकायची तर त्यांचं कुणाशी तरी भांडण व्हावं लागतं.

"शेठ, भरीव पितळ पाहिजे. मनगटाएवढं जाड, चार बोटं लांब."

"ताई, पितळ आजकाल सोन्याच्या मागोमाग चाललंय."

"मग सोनंच द्या. ते तरी परत विकता येतं."

शेठनी मागच्या खोलीतून एक तुकडा आणला. मी तो तळहातावर तोलला. "याला एका बाजूला चीर आहे."

"ती चीर नाही ताई, ती करवतीची खूण."

"खूण कशी, नख अडकतंय."

नख खरंच अडकत होतं, पण मला त्यानं काहीही फरक पडणार नव्हता. लेथवर ते सगळं निघून जाणार होतं. शेठनाही ते ठाऊक होतं. आम्ही दोघं त्या नखाएवढ्या खुणेवर चहा संपेपर्यंत बोललो. भाव उतरला तेव्हा शेठ म्हणाले, "तुम्ही माझ्याकडे कामाला असता तर मी आज पुण्यात असतो." मी म्हणाले, "मी तुमच्याकडे असते तर तुम्ही माझ्याकडे कामाला असता." शेठनी पितळ कागदात गुंडाळून दिलं.

नारायणगावच्या एका लेथवाल्याकडून दोन कडी कातून आणली, पुढच्या चाकांच्या आत बरोबर बसतील अशी. बाजारात परदेशी बनावटीची तयार कडी मिळतात, हे मला नंतर कळलं. मिळू देत. त्यांना माझ्या जीपचं आणि आबांच्या बोटाचं माप माहीत नव्हतं. पहिल्यांदा जरा जड झाली. जीप पुढे मुंडी घालायला लागली. पुन्हा लेथवर नेली, पुन्हा थोडी कातली. तिसऱ्यांदा बसवली आणि पुढच्या आसाखाली एक बोट घालून उचलून बघितलं. तेवढंच.

शिकवायचं आणखी एक राहिलं होतं, ते म्हणजे मला. रिमोटचा घोडा झटक्यात दाबला की चाकं फिरून दगड सोडतात. अगदी हळू, फोड आलेल्या जागी बोट ठेवावं तसा तो दाबायचा. माझ्यासारख्या बाईला हे जमणं म्हणजे कमालच. माझ्या हाताला दार आपटायची, वही मिटायची, भाव तोडायची सवय. तो हात पुढच्या काही दुपारी बोट अर्ध्या इंचात फिरवायला शिकला. माझा मलाच अभिमान वाटतो तो याच गोष्टीचा. भाग कुणीही विकत आणील.

यात्रेच्या दुसऱ्या दिवशी मी जीप पिशवीत घालून निघाले. घाटाच्या कडेला मुरूम आणि काळे दगड टाकून चढ केला होता. तीन पायऱ्या, शेवटची म्हणजे एक तिरकी शिळा, माझ्या कमरेएवढी. वर बांबूला भगवं निशाण. ते ओलांडायचं, हात न लावता. पुण्याची मुलं आधीच आली होती. त्यांच्या गाड्यांना दिवे होते, छोट्या शिड्या होत्या, एकीला तर खेळण्यातलं फावडं लावलेलं. एकानं वाकून माझी जीप बघितली.

"काकू, स्टॉक आहे का?" म्हणजे कंपनीतून आली तशीच आहे का.

"सांगाडा सोडला तर कंपनीचं काही राहिलेलं नाही," मी म्हणाले. "आणि काकू तुझ्या घरी."

नोंदणीच्या टेबलावर यात्रा कमिटीतले बबनराव होते, शेजारी माइक. वहीत लिहायचं आणि भोंग्यावरून पुकारायचं, दोन्ही कामं त्यांच्याकडे. त्यांनी मला ओळखलं. दरवर्षी त्यांचा पंप माझ्याकडे येतो.

"या ताई. गाडी झ्याक हाय. मालक म्हणून संपतभाऊंचं नाव घालतो."

"गाडी माझी आहे."

"व्हय वो, पण घाटावर आजवर बाईमाणसाचं नाव न्हाई पुकारलं. रीत हाय."

"बैल नाही, बैलांपुढं पळायला घोडी नाही, बॅटरीवर चालते ही. हिला कसली रीत?"

बबनरावांनी माइककडे बोट दाखवलं. "भोंगा तर त्योच हाय न, ताई."

उत्तर खरं होतं. माझंही भांडण त्या भोंग्याशीच होतं. वही ओढून घ्यावी, सगळ्या कमिटीला सुनवावं असं वाटलं. पण नुकतंच जे बोट हळू दाबायला शिकलं होतं, त्यानं मला धरून ठेवलं. मी खुर्ची ओढून बसले. सौदा उभ्यानं होत नाही.

"बबनराव, असं करू. नावाची जागा मोकळी ठेवा. गाडी निशाणापलीकडे गेली तर माझं नाव पुकारायचं. उलटली तर संपतचं पुकारा, आणि वर म्हणा, सगळा डुप्लिकेट माल होता."

पलीकडे घाटाच्या तोंडाशी संपत उभा होता, गुलाबी फेटा बांधून, चार गाडामालकांबरोबर. बबनरावांनी त्याच्याकडे बघितलं. दोघंही हसले. "चालंल," बबनराव म्हणाले. समोरच्याला आपणच जिंकलो असं वाटावं, तोच सौदा पक्का.

माझ्या आधी सहा गाड्या गेल्या. दोन शिळेवर उताण्या झाल्या, एकीचं चाक दगडात अडकलं, बाकीच्या दुसऱ्या पायरीपाशीच रेंगाळल्या. सगळ्या जोरानं चढत होत्या. मग माझी. मी चष्मा नाकावर नीट बसवला. लोक हसत होते, ते मला ऐकू येत होतं. उन्हाची झळ, भेळेच्या गाडीवरचा चिरलेला कांदा, कुठंतरी बांधलेल्या बैलाच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज, सगळं येत होतं. पहिली पायरी चढली. दुसरी चढली. शिळेपाशी मी तिला थांबवलं. हसणं कमी झालं; थांबलेली गाडी कुणाला अपेक्षित नव्हती. मग बोट अगदी थोडं आत घेतलं. टायरांनी शिळा धरली. जीप उभी होत गेली, होत गेली, पुढची दोन्ही चाकं दगडावरून सुटली, आता गेली असं मलाही वाटलं. आणि पितळ खाली बसलं. चाकं टेकली. जीप शिळेच्या वर आली, निशाणाच्या बांबूला घासून पलीकडे गेली.

बबनरावांनी माइक तोंडाशी धरला. "ही गाडी..." ते थांबले. वहीतली मोकळी जागा बघत राहिले. माइक चालूच होता, त्यामुळे पुढचं सगळ्या घाटानं ऐकलं. "ताई, नावापुढं काय लावू? सासरचं का माहेरचं?"

"ओतूरची शकुंतला म्हणा. तेवढं पुरे."

"ओतूरच्या शकुंतलाबाई यांची गाडी," बबनराव म्हणाले.

घाटाला दोन भोंगे होते, एक टेबलापाशी, एक वरच्या टोकाला. त्यामुळे माझं नाव मला दोनदा ऐकू आलं. एकदा जवळून आणि लगेच मागोमाग लांबून, टेकडीला लागून आल्यासारखं. डोळ्यांत पाणी वगैरे आलं नाही. मनासारखा भाव पटल्यावर आत जे एकदम शांत होतं, तसं झालं. बांधावर बायका बसल्या होत्या. त्यातली एक उठून उभी राहिली, मग आणखी दोघी. कुणी टाळी वाजवली नाही. त्या नुसत्या उभ्या राहिल्या, म्हणजे नीट दिसावं म्हणून.

दिवसभरात तेवढी एकच गाडी हात न लावता वर गेली. पहिल्या नंबरला घाटावर फेटा बांधतात. बबनराव तबक घेऊन आले, त्यात खण आणि नारळ.

"फेटा कुठाय?"

"ताई, बायामान्सांना खण देतो आमी."

"माणसांना फेटा देता ना? मग फेटा बांधा."

त्यांनी दोनदा प्रयत्न केला. पदरावरून कापड घसरत होतं, त्यांचे हात माझ्या डोक्याला लागायला घाबरत होते. लोक पुन्हा हसायला लागले, पण आता हसू बबनरावांवर होतं. तेवढ्यात गर्दीतून संपत पुढे आला. "द्या इकडं. तुमाला नाय जमायचं." त्यानं माझा पदर नीट बसवला, कापडाचं टोक माझ्या दातांत दिलं आणि पहिला वेढा घातला. त्याचे हात थेट आबांसारखे, रुंद आणि सावकाश. तिसऱ्या वेढ्याला तो हळूच म्हणाला, "आक्का, भिंगऱ्या पळाला तवा बोलायला पायजे व्हतं मी."

मी दातांतलं टोक काढलं. "आता बोल. भोंगा चालू आहे."

त्यानं टेबलाकडे बघितलं, घाटावर बसलेल्या चार गावांकडे बघितलं. "समद्यांदेखत नगं."

"माझ्या जागी नाव लावून घेतलं होतंस ते सगळ्यांदेखतच."

राहिलेले दोन वेढे त्यानं पूर्ण केले, तुरा काढला, शेव मागे सोडला आणि एक पाऊल मागे होऊन बघितलं, वाकडा तर नाही ना म्हणून. मी त्याला तेव्हा माफ केलं नाही, यंदाही केलेलं नाही. त्याला ते माहीत आहे, आणि बुश घ्यायला तो तरीही माझ्याकडेच येतो. फेटा मात्र त्यानं उत्तम बांधला होता. मी तो तसाच डोक्यावर ठेवून एसटीत बसले. कंडक्टरनं तिकीट फाडता फाडता दोनदा वर बघितलं. ओतूरच्या स्टँडवर उतरले. दुकान तिथून समोरच्या गल्लीत आहे. मी गल्लीनं गेले नाही. जीप हातात धरून, सगळ्या बाजारपेठेला वळसा घालून, मोतीशेठच्या दारावरून गेले.